काचेवरचे सहा आकडे

बँकेनं शोभनाताईंना ती डबी दिली तेव्हा शाल, नारळ, फोटो असा सगळा थाट केला होता. दृष्टिहीन ग्राहकांसाठी खास सुरक्षेचं यंत्र म्हणे! काड्यापेटीएवढी डबी, बटणांवर ब्रेलचे ठिपके, मागे बँकेचं नावसुद्धा ब्रेलमध्ये. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो सहा आकडी नंबर कुठे? तर गुळगुळीत काचेवर. ना आवाज, ना ठिपका. तीस सेकंद दिसायचा आणि गायब. आता बोला!

ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवून त्या निवृत्त झालेल्या. फोन त्यांना सगळं वाचून दाखवायचा, छोटे व्यवहार त्या त्याच्यावरच करायच्या. पण रक्कम मोठी झाली की बँकेला डबीचा नंबर लागायचा. फोनचा कॅमेरा डबीवर धरून पाहिला. चकाकत्या काचेपुढे त्यानंही हात टेकले. बँकेतला विक्रांत पुण्याहून बदलून आलेला, बोलायला गोड. बोलणारी डबी वरून मागवलीय, पंधरा दिवसांत येईल, असं तो आठ महिने सांगत होता. बरं, शाखेत जाऊन पैसे भरावेत, तर तिथे साक्षीदार म्हणून धाकट्या भावाची, विष्णूची सही. खातं ताईंचं, पेन्शन ताईंची आणि सही विष्णूची!

आणि नेमकं विष्णूलाच कळू द्यायचं नव्हतं. राजेंद्र नगरच्या त्याच्या घरात ताईंना कुणी वाकडा शब्द बोललं नाही, हे खरं. पण गॅसजवळ जाऊ देत नसत, जिना एकटीनं उतरू देत नसत, शिकवण्या बंद केलेल्या. ताई, आप बस आराम करो, एवढंच दिवसभर. मायेनं बांधून ठेवलं होतं नुसतं. अन्नपूर्णेच्या मंदिरामागे एका महिला निवासात खोली रिकामी झाली होती. शनिवारी पाचपर्यंत अनामत भरली नाही, तर ती दुसरीला जाणार. ताईंना ती खोली अगदी जीव तोडून हवी होती. आधी पैसे भरायचे, मग सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आधी सांगितलं तर विष्णू रडेल आणि आपण विरघळू, हे त्या ओळखून होत्या.

शेजारची पलक नंबर वाचायला येणार होती, पण मामेबहिणीच्या सगाईसाठी तिला ऐनवेळी उज्जैनला जावं लागलं. शनिवारचे साडेचार वाजले. घरात फक्त भावजय, मधुरिमा. ताईंनी फोनवर सगळं भरलं, डबीचं बटण दाबलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाल्या, जरा सहा आकडे वाच, काही विचारू नकोस. मधुरिमा हात पुसत लगेच आली. बिचारीला नाही म्हणणं कुठे जमतं!

पण ताईंना एक गोष्ट ठाऊकच नव्हती. विष्णू आजवर फक्त आकडे वाचून दाखवायचा. डबी फोनशी जोडलेली असल्यानं त्या आकड्यांच्या वर पैसे कोणाला चाललेत तेही लिहून येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"सात, दोन, नऊ, शून्य..." मधुरिमा थांबली. ताईंचं बोट फोनवर तसंच राहिलं. मग मधुरिमा म्हणाली, "ताई, यावर महिला निवास लिहिलंय. तुम्ही जाताय? आमच्याकडून काय गलती झाली?"

तिचा आवाज भरून आला. गलती कुणाचीच नव्हती, हेच तर सांगता येत नव्हतं. तेवढ्यात फोननं कोरड्या आवाजात सांगितलं, वेळ संपली.

ताईंनी पुन्हा बटण दाबलं. "आधी वाच, मधुरिमा. मग हवं तेवढं भांड माझ्याशी."

मधुरिमा वाचेना. नाहीही म्हणेना. नुसते हुंदके. ताईंनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, चौथ्यांदा दाबलं. दर वेळी त्यांच्याच हातात, त्यांच्याच अंगठ्याखाली नवे आकडे उमटत होते आणि पुसले जात होते. आधी संताप आला, मग रडूच फुटलं. इतकी लाचारी त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

पाचला दहा कमी असताना मधुरिमानं विष्णूला फोन लावला. "सुनो, लवकर घरी या," ती म्हणाली. "ताई घर सोडून निघाल्यात."

निघाल्या कसल्या! त्या दारातच डबी पुढे करून उभ्या होत्या. पाच वाजून गेले तरी ती कुणी हातात घेतली नाही.