करिष्माचा दुधाचा दात

इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर तीन दिवस मिळावेत म्हणून मी चौदा महिने वाट पाहिली. तिथे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने गोल फिरवतात आणि त्यातून निघणारे क्ष-किरण वस्तूवर सोडतात. मातीत, केसात, दातात कोणता धातू कुठे दडलाय ते दिसतं. बावीस वर्षं मी हेच करतेय. एक्केचाळीस शोधनिबंध आहेत नावावर. अक्कल किती आहे, ते या खेपेला कळलं.

आष्टी तालुक्यातल्या ऊसतोड मजुरांच्या एका वस्तीवरून मी दुधाचे दात गोळा केले होते. पडलेला दात पत्र्यावर भिरकावायची इथली रीत. आयांच्या मिनतवाऱ्या करून मी ते मागून घेतले. दुधाचा दात बाळाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत थराथराने घडतो, आणि त्या काळात पोटात गेलेलं त्या थरांत राहतं. ही पोरं सहा महिने घरी, सहा महिने आईबापांबरोबर साखर कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. पोरांच्या अंगातलं शिसं कोपीवरच्या पाण्यातून येतंय, असं मी अर्जात छातीठोकपणे लिहून दिलं होतं.

पडद्यावर उलटंच आलं. जन्मतारखेपासून थर मोजले, तीनदा मोजले. शिशाचे पट्टे घरच्या महिन्यांचे होते. कोपीवरचे महिने जवळपास स्वच्छ. एकाच दाताला पट्टे नव्हते, तो सगळाच भरलेला होता. पाकिटावर नाव होतं करिष्मा.

मग वस्तीवरच्या नळाचं पाणी आणि पाइपाचा तुकडा मागवला. शिसं पाइपातलंच निघालं. आणि हा नळ माझा. नऊ वर्षांपूर्वी जुनी विहीर खराब असल्याचा अहवाल मी दिला, नव्या विहिरीवरून पाइपलाइन यावी म्हणून कचेऱ्यांचे उंबरे मी झिजवले, फीतही मीच कापली. नव्या विहिरीचं पाणी तपासलं होतं. तोटीतून पडणारं पाणी तपासायचं मला एकदाही सुचलं नाही! या चुकीसाठी मी विद्यार्थ्याला नापास केलं असतं.

करिष्मा ही वस्तीवरच्या साखराबाईची नात. ती पाच महिन्यांची असताना आईबाप तोडीला निघाले, तेव्हा मीच साखराबाईला बजावलं होतं, लेकरू कोपीवर पाठवू नका, तिथलं पाणी घाण असतं, इथं नळ आहे. वरच्या दुधावर वाढवा.

सांगायला मी स्वतः गेले. करिष्मा अंगणात बसली होती. सात वर्षांची झालीय, दहापर्यंत आकडे येत नाहीत. साखराबाई म्हणाली, "लई गुणाची हाय, पर ध्यानातच ऱ्हात न्हाई तिच्या. कावून ते कळंना."

"साखराबाई, नळाचं पाणी आजपासून प्यायचं नाही. त्यात शिसं आहे. पोरांच्या मेंदूला बाधतं ते."

ती हसली. "तुमीच आनलेला नळ हाय की वो."

"मीच आणला. माझं चुकलं."

तिचं हसू हळूहळू गेलं. "मंग पानी बंद केल्यावर पोरगी नीट व्हईल?"

खोटं बोलावंसं इतकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. "पुढचं थांबेल. झालेलं भरून येत नाही."

"आन् कोपीवर जानारी पोरं?"

"त्यांना बरंच कमी लागलं."

मी माफी मागत राहिले. ती ऐकत नव्हती. नातीकडे बघत बसली होती. माझ्याकडे न बघताच बोलली.

"चालाया लागल्यापासनं दरसाल टोळी निघाली की ट्रॅक्टरमागं पळती ही. आयकडं जायचं म्हनून भुईवर लोळती. मी धरून आनते, तोंड धुते, आन् नळाचं पानी पाजून निजवते. मॅडमनी सांगितलंय म्हनून."