लॅमिनेट केलेला करारनामा

मी घराच्या खरेदीचा करारनामा बोलतोय. बोलतोय म्हणजे आपलं मनातल्या मनात. ऐकतंय कोण?

वकिलांच्या ऑफिसात माझा जन्म झाला. टायपिस्ट बाईंनी दुसऱ्याच कुणाच्या करारातली नावं काढून नवी घातली आणि मी तयार झालो. सात पानं. घर विकणारे काका चष्मा विसरून आले होते, बोट दाखवलं तिथे सही करत गेले. घर घेणारे नवराबायको समोर बसले होते. त्यांतल्या बाईंच्या मांडीवर दहा महिन्यांची मुलगी.

बाईंनी विचारलं, "यात काय काय लिहिलंय?"

"नेहमीचंच असतं हो सगळं," वकील म्हणाले.

"कर ना गं सही, साहेब खोळंबलेत," नवरा कुजबुजला.

त्यांनी केली. मला कुणीच वाचलं नाही. पाचव्या पानावर स्वच्छ लिहिलंय, की चार महिन्यांच्या आत सरकारी कचेरीत नोंदणी करायची, त्याशिवाय घर नावावर होणार नाही. निघताना वकिलांनी आठवण करून दिली होती, पण तेव्हाच मुलीने भोकाड पसरलं.

त्या घरात राहायला आल्यावर माझी जागा कपाटात, मुलीच्या झबल्यांखाली. बाई दिवसातून दोनदा मला काढून बघायच्या. ओल तर लागली नाही ना? वाळवी? एकदा मुलीने माझा कोपरा चघळला आणि बाईंनी मला तिच्या हातातून हिसकावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी मला झेरॉक्सच्या दुकानात नेलं. गरम यंत्रातून माझं एकेक पान प्लास्टिकमध्ये बंद होऊन बाहेर आलं. मी नको नको म्हणत होतो.

"आता मुलीला खेळायला दिलं तरी काही व्हायचं नाही," बाई म्हणाल्या.

"हुशार आहेस हं," नवरा म्हणाला.

साडेतीन महिन्यांनी दीर आले आणि सहज म्हणाले, "वहिनी, नोंदणी झाली ना?" बाईंनी मला पिशवीत घातलं आणि कचेरी गाठली.

कचेरीतल्या कारकुनाने मला उलटंपालटं केलं. "ताई, याला काय पोहायला सोडणार होतात? शिक्का कुठे मारू, प्लास्टिकवर? नवा करार करून आणा, विकणाऱ्याची सही घेऊन. अकरा दिवस राहिलेत."

बाईंनी तिथूनच काकांना फोन लावला. उचलला त्यांच्या सुनेने. "बाबांना आता घर विकायचंच नाही. ते सही करणार नाहीत."

घरी येऊन बाईंनी ब्लेडने माझं प्लास्टिक सोडवून पाहिलं. काकांच्या सहीची शाई प्लास्टिकबरोबर उचलून यायला लागली, तेव्हा त्यांनी ब्लेड टाकून दिलं आणि कितीतरी वेळ रडल्या. त्यांनी जीव लावला, त्यातच माझा जीव गेला. त्यांना काय म्हणू?

आज नवरा कामावर गेलाय, मुलगी झोपलीय. बाई फरशीवर बसून पहिल्यांदाच मला वाचतायत, प्लास्टिकवरून बोट फिरवत, अडखळत. "हस्तांतरण म्हणजे काय गं बाई?" स्वतःलाच विचारतात. मला ठाऊक आहे, पण सांगता येत नाही.

विकणाऱ्याने ऐनवेळी माघार घेतली तर घेणाऱ्याने कुठे दाद मागायची, ते माझ्या सहाव्या पानावर आहे. बाई तिसऱ्यावर आहेत. तिकडे मुलगी कूस बदलून कुरकुरायला लागलीय आणि बाईंनी पानं गोळा करायला हात पुढे केलाय.

बाई, मला आत्ताच मिटू नका. अजून तीनच पानं. मुलीला मांडीवर घ्या हवं तर, पण वाचा.