माझ्यावरचे पांढरे डाग

मी एक जुना सागवानी मेणबत्ती-स्टँड आहे, मित्रांनो. १९७४ सालच्या आषाढात मेडशीच्या नानाजी सुताराने मला खरादावर गरगर फिरवून गोल कातले आणि लाखेचे पॉलिश चढवले. पौर्णिमेला विहारात बुद्धमूर्तीपुढे उभा राहिलो, तेव्हा माझ्यावर नजर ठरत नव्हती. माझी देखभाल पंचफुलाकडे आली. दिवसभर शेतात निंदणाला जाणारी ही बाई मला कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय भाकरी थापत नसे.

आठ दिवसांतच माझ्यावर सायीसारखे पांढरे डाग उठले.

"मुद्दाम केलं त्यानं," तिचा नवरा देवमन म्हणाला. "देवळातले त्याचेच खांब कसे चमकून राह्यले! आपल्या विहारालेच खराब पॉलिश कायले?"

तो जाब विचारायला गेला. नानाजीने मानही वर केली नाही. "तुमच्या बाया वल्ल्या फडक्यानं पुसत असतीन. माह्या कामात खोट नाही."

त्या एका वाक्याने विहारातल्या नजरा फिरल्या. कुणी फडके दाबून पाहू लागले, कुणी पंचफुलाच्या हातांकडे बघू लागले. शेवटी देवमननेच विचारले, "खरं सांग, पानी लावलं का?" तिने कोरडे फडके त्याच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी मंडळींनी माझी देखभाल तिच्याकडून काढून घेतली. मला सारे ठाऊक होते. पण लाकडाला वाचा कुठली?

त्याच दुपारी पंचफुलाने कुणाला न विचारता मला जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि तडक नानाजीचे दुकान गाठले. तो मला उजेडात फिरवून बघत असताना तिची नजर कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेली. एरवी हा माणूस सारे उघड्यावर वाळवतो, मग हेच झाकून का? तिने पोते ओढले. खाली पाटलाच्या पाळण्याचे चार कातीव खांब होते. तस्सेच पांढरे.

"हे कोनं वल्ल्या फडक्यानं पुसले, भाऊ?"

नानाजी खाली बसला. "त्या हप्त्यात हवा सर्द होती, बाई. पौर्णिमेची घाई, पाटलाच्या घरच्या बारशाची घाई. पॉलिशखाली ओल अडकली."

"पाटलाले काय सांगतलं?"

"चुकलं म्हनलं."

"अन् आमाले?"

नानाजीने मला दुरुस्तीसाठी ठेवून घेतले.

तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडले. नानाजीने कोरड्या चिंधीचा बोळा स्पिरिटात नावापुरता भिजवून माझ्या डागांवरून हलकेच फिरवली. अडकलेली ओल सुटली, सागाचा तपकिरी रंग वर आला. मग पॉलिशचे पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. पंचफुला दारात बसून होती. पाणी तर नाही ना, म्हणून बाटली उघडायला लावून तिने स्पिरिटाचा वाससुद्धा घेतला.

"आता विहारात येऊन सांगा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानाजी मला घेऊन विहाराशी आला आणि उंबऱ्याबाहेरूनच पुटपुटू लागला.

"आत या, भाऊ," पंचफुला म्हणाली. "भाईरून कोनाले आयकू येत नाही."

त्याने चपला काढल्या. आत येऊन साऱ्यांच्या देखत बोलला, "दोष माह्या घाईचा. या बाईच्या हाताचा नाही." देवमन जमिनीकडे बघत राहिला.

मित्रांनो, आम्हा लाकडांना कोरडे ठेवा, पॉलिशला वाळायला वेळ द्या. आमचा डाग दोन दिवसांत निघतो. पंचफुला मात्र देवमनशी दिवाळीपर्यंत धड बोलली नाही.