फळीवरची भांडी

त्या हिवाळ्यात आख्ख्या पाड्यात सगळ्यांत चपळ कोण, तर बारक्याची आई बायजी. वय सत्तरीच्या पुढचं. दोन हजार अठराच्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडची जमीन अधूनमधून हलायला लागली होती. घर हललं की मोकळ्यावर पळा, असं तालुक्याहून आलेली माणसं सांगून गेली. बायजीनं त्यासाठी स्वतःची खूण ठरवली. स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी वाजली, की हातातलं टाकून बाहेर. चार मोठे हादरे बसले आणि चारही वेळा तरणीताठी माणसं चपला शोधत होती, तेव्हा ही अंगणात उभी. "आमची म्हातारी जमिनीच्याही आधी हालते," तिची सून जयवंती कौतुकानं सांगायची.

बारक्याला जमिनीपेक्षा त्याच्या पिकअपची काळजी जास्त. अठरा वर्षांची डिझेल गाडी. मिरची-वांगी भरून सकाळी डहाणू रोडच्या बाजाराला निघायचं, तर थंडीत आधी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवावं लागे, आणि तेवढा वेळ हा आत कुडकुडत बसायचा. एकदा अच्छाडच्या ढाब्यावर त्यानं एक ड्रायव्हर पाहिला. त्या गड्यानं खाटेवर बसल्या बसल्या बटण दाबलं आणि पलीकडची गाडी आपोआप सुरू झाली. बारक्याचा घास तोंडातच राहिला. आठवड्याभरात तो वापीहून रिमोटचा डबा घेऊन आला.

मेकॅनिककडे जाईल तर तो बारक्या कसला! दोन दिवस तो डॅशबोर्डखाली उताणा पडून होता. डब्यातल्या कागदावरची भाषा कुणालाच वाचता येईना, चित्रं तेवढी कळली. बल्बला दोन वायरी जोडून त्यानं एकेक वायर तपासली. ही कायम जिवंत, ही चावी फिरवल्यावर, आणि ही फक्त सेल्फ मारताना. पहिल्या जोडणीत हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. शेवटी शेजारच्या तुक्यानं येऊन बॅटरीची वायर काढली आणि पुढे चार दिवस तो ती गोष्ट गावभर सांगत फिरला.

तिसऱ्या दिवशी सगळं जुळलं. बारक्यानं घरच्यांना ओट्यावर बोलावलं आणि बटण दाबलं. गाडीनं एक उडी मारली, चाकाखालचा दगड ओलांडला आणि शेवग्याला जाऊन धडकली. तुक्याला आणखी चार दिवसांची सोय झाली. चूक साधी होती. अंगण उताराचं, हँडब्रेक नावाला, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायची बारक्याला वर्षानुवर्षांची सवय. रिमोटनं सुरू करायची तर गाडी न्यूट्रलमध्ये हवी. न्यूट्रलमध्ये ठेवायची तर जागा सपाट हवी. आणि सपाट जागा एकच होती, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्या चहाचा कप घेऊन ओट्यावर ऐटीत उभा राहिला आणि त्यानं बटण दाबलं. जुनं इंजिन खडखडत सुरू झालं. भिंत थरथरली, फळीवरची भांडी वाजली, आणि पिठाचे हात घेऊन बायजी अंगणात.

"आये, भूकंप नाय, गाडी हाय गाडी!" बारक्याला हसू आवरेना.

बायजीनं पिठाचा हात तसाच त्याच्या पाठीत घातला. जयवंतीही चिडली.

"गाडी दुसरीकडं लावा."

"कुठं लावू? उतारावर?"

"मग बटण दाबायच्या आधी हाक तरी मारा."

बारक्यानं कबूल केलं. चार दिवस हाक मारली, पाचव्या दिवशी विसरला, मग त्याला आठवण करून द्यायचाही सगळ्यांना कंटाळा आला. त्यात कुणी रिमोट बघायला आलं की दिवसातून तीन-चारदा गाडी सुरू व्हायची. बायजी पहिल्यांदा अंगणापर्यंत धावायची, मग उंबऱ्यापर्यंत, मग चुलीपुढून उठेनाशी झाली. "बारक्याची गाडी," म्हणायची आणि भाकरी थापत राहायची. उलट तिनं गाडीशी जुळवूनच घेतलं. इंजिन तापलं की बाहेर येऊन बॉनेटवर हात शेकायची. आई आता घाबरत नाही, याचा बारक्याला मोठा आनंद वाटला. बाजारात तो ते चारचौघांना सांगायचाही.

फेब्रुवारीत एका सकाळी, बाजार नव्हता त्या दिवशी, बारक्या घरामागच्या वाडीत मिरचीला पाणी लावत होता. पायाखालची जमीन खालून कुणीतरी ढकलल्यासारखी हलली. कौलं खडखडली. जयवंती धुणं टाकून अंगणात आली, तुक्या आपल्या बायकोसह धावत आला. बायजी आली नाही.

बारक्या धावत सुटला. गाडी भिंतीलगत उभी होती, बंद. रिमोट त्याच्या खिशात होता. आणि आतून आईचा वैतागलेला आवाज येत होता.

"बंद कर ना रं ती गाडी! भाकर करपली माझी!"

त्यानं आत जाऊन आईला उचललं. ती पाठीवर गुद्दे मारत होती. दोघं उंबऱ्याबाहेर पडली आणि मागे फळी सुटून तिच्यावरचा पितळी हंडा चुलीपुढच्या पाटावर आदळला. पाट फुटला. आतापर्यंत त्या पाटावर बायजी बसलेली होती.

"केलीस का बंद?" अंगणात टेकवल्यावर तिनं विचारलं.

"केली," बारक्या म्हणाला. खरं सांगायची त्याला लाज वाटली.

जमीन थांबली. बायजी उठली, तणतणत गाडीकडे गेली आणि बॉनेटवर तिनं जोरात थाप मारली. हात तिथंच राहिला. मग तिनं दुसराही हात ठेवून पाहिला. बॉनेट गार होतं.

ती वळली. बारक्याची मान खाली गेली होती.

"गाडी चालूच नव्हती?"

"नव्हती, आये."

बायजीनं दारातून आत, सुटलेल्या फळीकडे आणि पसरलेल्या भांड्यांकडे पाहिलं.

"मग आता मला कसं कळायचं रं?" तिनं विचारलं.