दांडी अडकलीय, तुम्हाला काय वाटतं?

साहेब नेतृत्वाच्या शिबिराला गेले तेव्हा ओरडत गेले. परत आले ते कुजबुजत. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की यापुढे इथे कोणी कोणाला हुकूम सोडायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचे. प्रश्नाने माणूस विचार करतो, विचाराने शिकतो, आणि शिकण्यातच समाधानी असलेला माणूस पगारवाढ मागत नाही. शेवटचं ते मनात म्हणाले, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

दर आठवड्याला नवा नेता. नेत्याच्या तोंडून हुकूम गेला, तर अख्ख्या गटाची रविवारची सुट्टी गेली.

सुरुवातीला मजा आली. वॉशिंगवाला मशीनला लाथ घालून विचारायचा, "काय गं, फिरावंसं वाटतंय का?"

मग नेता व्हायची पाळी धाकटीवर आली. धाकटी आणि थोरली सख्ख्या जावा. घरी एका चुलीवर, इथे एका छपराखाली. थोरली इस्त्रीच्या रोलरवर असायची. तापलेल्या रोलरखाली ओली चादर सारायची, पलीकडून ती पापडासारखी कडक निघायची. रोलरच्या पुढे एक आडवी दांडी होती. बोटं फार आत गेली की दांडीला लागायची आणि रोलर थांबायचा.

ती दांडीच अडकली.

"अगं, ही हलत नाही. फिटरला सांग," थोरली म्हणाली.

"सांगता येत नाही ना, जाऊबाई. विचारून बघते."

फिटर चहा पीत होता.

"फिटरभाऊ, दांडी अडकलीय. तुम्हाला काय वाटतं?"

"वाईट वाटतं."

"दुरुस्त झाली तर?"

"बरं वाटेल."

"मग तुम्ही ती..."

"जपून, वहिनी! हुकमाकडे चाललीय गाडी. रविवारी मला सासुरवाडीला जायचंय." त्याने आवाज खाली आणला. "आणि त्यासाठी आधी रोलर बंद ठेवावा लागेल. तो मी आपणहून कसा बंद करू?"

धाकटी साहेबांकडे गेली. "साहेब, रोलर बंद ठेवायचा का?"

"वा! काय सुंदर प्रश्न!" साहेबांचे डोळे पाणावले. "गटाला काय वाटतं?"

गटाचं मत घेतलं. बंद ठेवावा असं झाडून सगळ्यांना वाटलं. तसं फळ्यावर लिहिलं गेलं. बंद कोणी केला नाही, कारण तसं कोणी सांगितलं नव्हतं.

"राहू दे," थोरली म्हणाली. "मी बोटं जपून घालीन. घरी बसून चालणार आहे का आपल्याला?"

गुरुवारी ऑपरेशनच्या गाऊनची नाडी तिच्या बोटांभोवती गुंडाळली गेली आणि बोटं आत निघाली. ती किंचाळली. धाकटी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. रोलर बंद करायच्या बटणाशी वॉशिंगवाला होता.

"अहो!" धाकटी ओरडली. "तुम्हाला... तुम्हाला ते बटण दाबावंसं वाटतं का?"

वॉशिंगवाला विचारात पडला. प्रश्नाने माणूस विचार करतो, हे साहेबांचं अगदी खरं होतं.

थोरलीच्या उजव्या हाताची बोटं गेली. हॉस्पिटल ओळखीचंच होतं, त्यामुळे रस्ता विचारावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सभा. "यातून आपण काय शिकलो?" साहेबांनी हळुवारपणे विचारलं.

"प्रश्न लांबला," फिटर म्हणाला. ते फळ्यावर गेलं.

धाकटी उठली. "रोलर बंद करा."

"हेच जरा प्रश्नाच्या रूपात मांडता येईल का?"

तिने भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला. सगळी मशिनं थांबली. रविवार गेला म्हणून मागून कोणीतरी च्च केलं.

उद्यापासून येऊ नकोस, असं तिला कोणीही म्हणालं नाही. साहेबांनी एवढंच विचारलं, "तुझं मन रमतंय का गं इथे?" आणि फाटक स्वतः उघडून धरलं.

संध्याकाळी ती थोरलीच्या खाटेशी बसली.

"रोलर बंद केलास म्हणे."

"केला. मी फाटकाबाहेर पडले तेव्हा पुन्हा सुरू झाला."

"आता कोण आहे त्यावर?"

"वॉशिंगवाला. काही नवीन शिकायला आवडेल का, असं विचारलं त्याला. हो म्हणाला बिचारा."

थोरलीने विचारलं, "आणि दांडी?"

"दुरुस्त करावी असं वाटतंय," धाकटी म्हणाली. "सगळ्यांना."