हेमंतची संख्या

हेमंत काविळीने गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि गणितात एम.एस्सी. करत होता. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक नऊ अंकी संख्या होती आणि तिच्याखाली लिहिलेले होते : ‘मूळ असावी. तपासायची.’

त्याच्या वडिलांनी, मनोहररावांनी, ती संख्या एका कोऱ्या रजिस्टरात उतरवून घेतली : १६०४८११८३. दोन्हीकडच्या अंकांची बेरीज केली. बत्तीस, बत्तीस. मग वही ट्रंकेत ठेवली. कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांची सत्तावीस वर्षे गेली होती. मोजल्याशिवाय त्यांनी कुठल्याही भागावर सही केली नव्हती. संख्या मूळ ठरवायची तर बारा हजार सहाशे अडुसष्टपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिला भागून पाहायला हवे होते. असे भाजक दीड हजारांवर भरले. ड्यूटीवरून आले की ते कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये दोन भागाकार करत, आणि प्रत्येकाचा ताळा घेत. भेटायला येणाऱ्यांना सांगत, की मुलाचे एवढे एकच काम राहिले आहे.

तिसऱ्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. उरलेले भागाकार हेमंतची आई, मंदाकिनीबाई, करू लागल्या. ते खाटेवर बसून तोंडी ताळा घेत.

“तुझा एक कुठला आणि सात कुठला, हे ठरवायला आणखी एक इन्स्पेक्टर नेमावा लागेल,” ते एकदा म्हणाले. त्या वर्षात ते हसले असतील तर तेवढेच.

शेवटचे चार भाजक राहिले तेव्हा मनोहररावांनी निकाल हेमंतच्याच वहीत लिहायचे ठरवले. मंदाकिनीबाईंनी ट्रंक उघडली. वहीत होते : १६०८४११८३. आठ आधी, चार नंतर. अंक तेच, म्हणून बेरीज तीच. तीन वर्षे भलत्याच संख्येला भागले गेले होते.

दुसऱ्या दिवशी मनोहरराव शेजाऱ्याबरोबर दवाखान्यात गेले असताना मंदाकिनीबाईंनी खरी संख्या भागायला घेतली. पुन्हा पहिल्यापासून करावे लागले तरी करू, असे त्यांनी मनाशी धरले होते. सदतीसने भाग गेला. त्यांनी पुन्हा करून पाहिले. बाकी काही उरली नाही. हेमंतचा अंदाज चुकला होता; एका दुपारात कळण्यासारखा.

शनिवारी शेवटचा भाजक आला, बारा हजार सहाशे एकोणसाठ. बाकी तीन हजार चाळीस. मनोहररावांनी ताळा घेतला.

“संख्या वाच,” मग ते म्हणाले.

वही समोर उघडी होती. मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे न पाहता म्हटले, “एक, सहा, शून्य, चार, आठ, एक, एक, आठ, तीन.”

“लिही. तपासली, मूळ आहे. सही मी करतो.”

पानावर हेमंतच्या बॉलपेनचे दाब होते. मनोहररावांची बोटे ती ओळ चाचपून तिथेच थांबली होती. मंदाकिनीबाईंनी त्याखाली लिहिले, पेन त्यांच्या हातात दिले आणि टोक कागदावर टेकवले. त्यांनी पूर्ण सही केली.

“उद्या त्याच्या सरांना दाखवून येऊ,” ते म्हणाले. “जवाहर चौकातून रिक्षा मिळेल.”

मंदाकिनीबाईंनी वही मिटली.

“सरांची बदली झाली,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“इंदूरला.”

“पत्ता मिळव,” मनोहरराव म्हणाले. “पोस्टाने पाठवू.”