शेळीची बादली

यास्याचा आकडा पुन्हा वाढला होता. शाळेत मोजणीची गाडी आली, पोरांना एकेक करून खुर्चीत बसवलं, आणि अंगातलं किरणोत्सारी सिझियम सगळ्यांत जास्त निघालं ते आठ वर्षांच्या यास्याच्या.

तिची आई हालिना गोमेल शहरात तळ्यांचाच हिशेब मांडत असे. अणुभट्टीच्या स्फोटानंतर तळ्याच्या गाळात बसलेलं विष पाण्यात किती येतं, छोट्या माशांत किती, त्यांना खाणाऱ्या मोठ्या पाइक माशात किती, तळ्यात पोटॅश खत टाकलं तर किती वर्षांत उतरेल, हे ती गणिताने सांगे. आणि तिच्याच घरात दिव्याखाली अंधार! ती तडक गावी, यास्या जिच्याकडे राहत होती त्या आपल्या आईकडे आली.

"आई, पोरीला पाइक देतेस?"

"एक घास दिला असेल तर जीभ झडो माझी," पावलिना कडाडली. "मी म्हातारी खाते, तेही तू शिकवलंस तसं. मिठात उकळायचा, विष पाण्यात उतरतं, ते पाणी काढून टाकायचं."

बोलता बोलता तिने चुलीवरच्या पाइकचं ते पाणी दाराजवळच्या बादलीत ओतलं, त्यात पावाचे तुकडे कुस्करले आणि बादली शेळीपुढे नेऊन ठेवली. शेळी चवीने पिऊ लागली.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? खारट आवडतं तिला. लढाईत उपाशी मेलेली माणसं पाहिलीत मी. या घरात काही फेकत नाहीत."

"आणि तिचं दूध?"

"यास्याला. दुसऱ्या कु..." पावलिना मध्येच थांबली.

हालिनाने बादलीकडे पाहिलं. विष कुठून कुठे जातं हे दाखवणाऱ्या तिच्या आकृतीतला शेवटचा बाण जेवणाच्या ताटाशी संपत होता. बादली त्यात नव्हतीच.

"मग परसात ओतते," आई पुटपुटली.

"बटाट्यात उतरेल."

"मग ओतू कुठे, शहाणे?"

"कुठेच नाही. मासा तळ्यातून काढूच नकोस. आम्ही पोटॅश टाकतोय, पण पाइक खाण्याजोगा होईपर्यंत यास्याची लेकरं शाळेत जायला लागतील."

पावलिनाने खुंटीवरचं जाळं काढलं आणि चुलीत घातलं. मग सकाळच्या दुधाचा तांब्या हातात घेऊन ती परसाच्या दारात तशीच उभी राहिली. यास्या पेला पुढे करून म्हणाली, "आजी, दे ना." म्हातारीने तांब्या शालीआड धरला आणि ती रडू लागली.

शेळीला स्वच्छ चारापाणी मिळालं की दूध सुधारेल, यास्याचा आकडाही हळूहळू उतरेल. पण वाचकहो, विष 'टाकून दिलं' असं म्हणण्याआधी ते कुठे पडलं, एवढं बघा. या पृथ्वीवर 'बाहेर' नावाची जागा नाही. आपण टाकलेलं कुणाच्या तरी पेल्यात पडतंच, आणि तो पेला बहुधा घरातल्या सगळ्यांत लहान हातात असतो.